चिवट गंधकाची थकबाकी

१ एप्रिल २०२० रोजी देशातील पेट्रोलपंपांवर एक नवे इंधन अधिकृतपणे विक्रीस आले. त्या दिवशी सारा देश टाळेबंदीत होता. रस्ते ओस पडले होते, पंपांवर गिऱ्हाईक नव्हते आणि वृत्तपत्रांना निराळ्याच आकड्यांची मोजदाद करावी लागत होती. साहजिकच, डिझेल व पेट्रोल यांतील गंधकाचे कमाल प्रमाण दर दहा लाख भागांत पन्नास भागांवरून दहा भागांवर आले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. 'भारत स्टेज-चार'वरून पाचवी पायरी गाळून एकदम सहावीवर उडी घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला होता. त्याआधी २०१४ साली सौमित्र चौधरी समितीने पाचवी पायरी २०२० मध्ये आणि सहावी २०२४ मध्ये गाठावी, असे सुचविले होते. समितीच्या वेळापत्रकापेक्षा चार वर्षे आधी हे काम झाले. सरकारी कामात चार वर्षे उशीर होण्याची सवय असलेल्या देशात ही नवलाचीच बाब म्हटली पाहिजे. या एका उडीसाठी तेल कंपन्यांनी आपल्या कारखान्यांवर सुमारे पस्तीस हजार कोटी रुपये खर्च केल्याचे सांगण्यात आले.

एवढ्या खर्चातून पदरात काय पडले? दहा लाखांत चाळीस भाग म्हणजे टनामागे चाळीस ग्रॅम. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल खपते. हिशेब केला तर या उडीमुळे डिझेलमधून वर्षाला जेमतेम छत्तीसशे टन गंधक अधिक निघाले. आता वर्षाला पंचेचाळीस लाख टन कोळसा जाळणारे एखादे मोठे औष्णिक वीजकेंद्र डोळ्यांपुढे आणावे. त्या कोळशात गंधक अर्धा टक्का धरले, तरी साडेबावीस हजार टन गंधक एकट्या त्या धुराड्याच्या वाट्याला येते. म्हणजे साऱ्या देशातील डिझेलमधून मोठ्या कष्टाने काढलेल्या गंधकाच्या सहापट गंधक एकच वीजकेंद्र हवेत सोडू शकते. या केंद्रांच्या धुरातील गंधक आवरण्याचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाले, त्यांची मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसविण्यापासून सूटच देण्यात आली. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीदेखील विचारील, की जेथे गंधकाचा एक टन स्वस्तात निघतो तेथे तो काढावयाचा नाही आणि जेथे सर्वांत महाग पडतो तेथे काढावयाचा, हा कोठला न्याय?

प्रश्न बिनतोड आहे. पण डिझेलच्या बाबतीत त्याचे उत्तरही आहे. इंधनातील गंधक दहा भागांवर आणण्याचा हेतू मुख्यतः गंधकाचा धूर कमी करणे हा नाहीच. मोटारीच्या धुराच्या नळीत हल्ली जे शोधक बसविलेले असतात, त्यांत प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू उत्प्रेरक म्हणून काम करतात. काजळीचे कण अडविणारे गाळणे आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मोडणारी यंत्रणा यांचे काम या उत्प्रेरकांवर विसंबून असते. गंधक हा या धातूंचा जुना वैरी. तो त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून बसला, की उत्प्रेरक आंधळा होतो. म्हणून गाडीतील उत्प्रेरक जिवंत राहावा, यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यातील उत्प्रेरकाने आधी राबायचे, अशी ही जोडसाखळी आहे. पहिल्या उत्प्रेरकाची कथा लोकांना ठाऊक असते, कारण तो गाडीच्या किमतीत दिसतो. दुसऱ्याची सहसा कोणी सांगत नाही.

गंधकाचा आणि तेलाच्या बाजारभावाचा संबंध मात्र जुना आहे. १८८५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात लिमा गावी भरपूर तेल लागले. पण ते इतके दुर्गंधीयुक्त होते, की दिव्यात जाळावे तर घरात बसवेना. त्याचा भाव पिंपामागे पंधरा सेंटच्या आसपास घसरला. रॉकफेलरने आपल्या कंपनीतील सहकाऱ्यांचा विरोध पत्करून ते तेल विकत घेण्याचा सपाटा लावला आणि हर्मन फ्राश या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्यातील गंधक काढण्याच्या कामाला लावले. फ्राशने तांब्याच्या ऑक्साइडचा उपयोग केला. तांबे गंधक धरून ठेवी. मग ते भाजून पुन्हा वापरता येई. दोन-तीन वर्षांत युक्ती साधली आणि कवडीमोल तेल सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. बाजारात आजही कमी गंधकाच्या खनिज तेलाला 'गोड' आणि जास्त गंधकाच्या तेलाला 'आंबट' म्हणतात. आंबट तेल स्वस्त असते. ज्याच्यापाशी गंधक काढण्याची विद्या आहे, त्यालाच ही स्वस्ताई परवडते. रॉकफेलरने हे ओळखले होते.

पुढील पायरी जर्मनीत पडली. कोळशापासून पेट्रोल बनविण्याच्या खटपटीत १९२०च्या दशकात माथियास पीअर यांच्या हाताखालील रसायनशास्त्रज्ञांपुढे हाच पेच उभा राहिला. निकेलसारखा चांगला उत्प्रेरक घ्यावा, तर कोळशातील गंधक त्याला मारून टाकी. मग त्यांनी मोलिब्डेनम व टंगस्टन या धातूंची सल्फाइडेच उत्प्रेरक म्हणून वापरली. ज्याच्या अंगी आधीच गंधक मुरलेले आहे, त्याला गंधकाचे विष काय बाधणार! आज जगातील तेलशुद्धीकरण कारखान्यांत गंधक काढण्यासाठी जो उत्प्रेरक वापरतात, तो या सल्फाइडाचाच वंशज. ॲल्युमिनाच्या सच्छिद्र गोळ्यांवर मोलिब्डेनम सल्फाइडाचे अतिसूक्ष्म पापुद्रे आणि त्यांच्या जोडीला कोबाल्ट किंवा निकेल, असे त्याचे स्वरूप असते. साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आगेमागे तापविलेले डिझेल दाबाखालील हायड्रोजनसह या गोळ्यांच्या थरांतून जाते. हायड्रोजन गंधकाला ओढून घेतो, त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो आणि पुढे त्या वायूतून पिवळे गंधक मिळते. ते गंधकाम्लाच्या व खतांच्या कारखान्यांकडे जाते.

मग अडचण कोठे आहे? ज्याने कधी महसुलाची वा पाणीपट्टीची थकबाकी वसूल केली आहे, त्या कारकुनाला ती चटकन उमजेल. मागणीपत्र जाताच निम्म्याहून अधिक लोक पैसे भरून टाकतात. काहींना स्मरणपत्र लागते. शेवटी यादीत जी मोजकी नावे उरतात, ती अशा खातेदारांची, की त्यांच्या दारी दहा वेळा खेटे घालावेत आणि वसुलीपेक्षा वसुलीचा खर्च अधिक व्हावा. डिझेलमधील गंधकाचे असेच असते. ते एकाच प्रकारच्या रेणूंत नसते. मर्कॅप्टन, सल्फाइड यांसारखे साधे रेणू पहिल्या हाकेला गंधक सोडतात. बेन्झोथायोफिन थोडे आढेवेढे घेते. डायबेन्झोथायोफिन त्याहून कठीण. आणि अखेरीस राहतात ते डायबेन्झोथायोफिनचे असे भाईबंद, ज्यांच्या गंधकाच्या अणूच्या दोन्ही बाजूंना कार्बनचा एकेक लहानसा गट द्वारपालासारखा उभा असतो. 'चार-सहा-डायमिथिल-डायबेन्झोथायोफिन' हे त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध नाव. गंधकाला उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाजवळ जाऊच न देणे, हे या द्वारपालांचे काम. साध्या डायबेन्झोथायोफिनपेक्षा या रेणूची क्रिया दहापट वा त्याहूनही मंद गतीने होते.

आपल्या देशात १९९०च्या दशकाच्या आरंभी डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. १९९६ साली चार महानगरांत आणि ताजमहालाच्या परिसरात अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली, २००० साली देशभर पाव टक्क्याची. मग पाचशे, साडेतीनशे, पन्नास आणि दहा. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ साली या टप्प्यांची आखणी करून दिली होती. आकड्यांत पाहू गेल्यास पहिल्या टप्प्यात पाच हजार भाग गेले आणि शेवटच्या टप्प्यात अवघे चाळीस. परंतु ते पाच हजार भाग मुख्यतः सहज वठणीवर येणाऱ्या रेणूंचे होते, हे चाळीस बहुतांशी चिवट रेणूंचे. घटत्या फलाचा नियम पाठ्यपुस्तकात शेतीच्या उदाहरणाने शिकवतात. त्याचे इतके नितळ उदाहरण शेतीतही सापडणे कठीण.

या चिवट रेणूकडून वसुली करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सरळ गंधकावर हात टाकणे. डायबेन्झोथायोफिनच्या एका रेणूमागे यासाठी हायड्रोजनचे दोन रेणू लागतात. कोबाल्ट व मोलिब्डेनम यांच्या उत्प्रेरकाचा कल या मार्गाकडे असतो. द्वारपाल दाराशी उभे असले, की मात्र हा मार्ग जवळजवळ बंद होतो. दुसरा मार्ग वळणाचा आहे. आधी रेणूच्या सपाट, ताठर कड्यांपैकी एकीत हायड्रोजन भरायचा; तिची ताठरता गेली, की रेणू किंचित मुरडतो, द्वारपाल बाजूला सरतात आणि गंधक उघडे पडते. निकेल व मोलिब्डेनम यांचा उत्प्रेरक यात वाकबगार. पण या मार्गाने पूर्ण कडी भरली गेली, तर दोनऐवजी हायड्रोजनचे पाच रेणू खर्ची पडतात. शिवाय जो उत्प्रेरक कड्यांत हायड्रोजन भरण्यात तरबेज, तो गंधक नसलेल्या कड्याही भरत सुटतो, आणि डिझेलमध्ये अशा कड्या गंधकापेक्षा कितीतरी अधिक असतात. खरा खर्च तेथे होतो. हायड्रोजन फुकट मिळत नाही. तो बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनवितात आणि त्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक प्रदूषण निस्तरताना दुसऱ्याचे बिल वाढते, ते असे.

यावरून उत्प्रेरक सुधारणे म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट होईल. जो गंधकापर्यंत पोहोचेल पण हायड्रोजनची उधळपट्टी करणार नाही, डिझेलमधील नायट्रोजनयुक्त रेणू जागा अडवून बसले तरी हटणार नाही आणि कमी तापमानाला अधिक काळ टिकेल, असा उत्प्रेरक हवा असतो. यातील तापमानाची गोष्ट अर्थदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची. उत्प्रेरक जुना होत जातो, तशी त्यावर काजळी साचते आणि काम तेवढेच व्हावे म्हणून भट्टीचे तापमान हळूहळू वाढवावे लागते. पण फार वाढवूनही चालत नाही. चारशे अंशांच्या जवळपास कड्यांत हायड्रोजन भरण्याची क्रियाच मागे फिरू लागते, म्हणजे नेमका चिवट रेणूचा मार्ग बंद होतो. तेव्हा कारखाना थांबवून उत्प्रेरक बदलावा लागतो. नवा उत्प्रेरक जुन्यापेक्षा दहा अंश कमी तापमानाला तेच काम करू लागला, तर दोन बदलांमधील काळ महिन्यांनी वाढतो. उत्प्रेरकाची स्वतःची किंमत तेलशुद्धीकरणाच्या एकूण खर्चात लहानच असते. परंतु कारखाना किती दिवस चालेल, हायड्रोजन किती लागेल आणि कोणते खनिज तेल विकत घेता येईल, हे तीनही निर्णय त्याच्या हाती असतात.

ही सुधारणा कशी होते, याचा नमुना म्हणून डेन्मार्ककडे पाहावे. खनिज तेलाची श्रीमंती नसताना हॉल्डर टॉप्सो यांनी १९४० साली तेथे उत्प्रेरकांची कंपनी काढली. कोबाल्ट घातल्याने मोलिब्डेनम सल्फाइडची ताकद वाढते, हे जगाला अनुभवाने ठाऊक होते. का वाढते, हे कोणी सांगू शकत नव्हते. हेन्रिक टॉप्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून किरणशास्त्रीय पद्धतीने त्याचा माग काढला आणि कोबाल्टचे अणू सल्फाइडाच्या पापुद्र्याच्या कडेवर जाऊन बसतात व खरे काम तेथेच चालते, हे दाखवून दिले. २००० साली आऱ्हूस विद्यापीठातील शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी हे पापुद्रे अणूंची मांडणी दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. ते त्रिकोणी होते आणि कडेलगत एक तेजस्वी किनार दिसत होती. चिवट रेणूत हायड्रोजन भरण्याच्या कामात या किनारीचा वाटा असतो, असे पुढे निष्पन्न झाले आणि कंपनीने किनारीच्याच नावाने नवे उत्प्रेरक बाजारात आणले. पंचवीस वर्षांचे मूलभूत संशोधन आणि त्यातून निघालेला विकाऊ माल यांचा इतका सरळ सांधा क्वचितच जुळलेला दिसतो. गंधक खाणाऱ्या जिवाणूंकडून हे काम करवून घेण्याचेही प्रयोग अमेरिकेत झाले. ते जिवाणू चिवट रेणूतील गंधक अलगद काढतात, पण त्यांची गती कारखान्याला पुरणारी नाही, आणि तेलाच्या टाकीत पाणी व जिवाणू सांभाळणे हा निराळाच संसार होऊन बसतो.

आपल्यापुरता विचार करायचा, तर बॉम्बे हायमध्ये १९७४ साली सापडलेले तेल गोड आहे, आसामचेही गोड आहे; पण त्यांवर देशाची तहान भागत नाही. गरजेच्या पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून येते आणि त्यात आखाती देशांच्या आंबट तेलाचा वाटा फार मोठा. इराकच्या बसऱ्याच्या तेलात तर गंधक तीन टक्क्यांच्या आसपास असते. आंबट तेल विकत घेऊन त्यातून दहा भागांचे डिझेल काढावयाचे, हाच आपल्या कारखान्यांचा व्यवहार असल्याने गंधकाचा उत्प्रेरक हा आपल्या परकीय चलनाच्या हिशेबातील घटक आहे. असे असता हे उत्प्रेरक आणि त्यांमागील विद्या दीर्घकाळ मुख्यतः डेन्मार्क, फ्रान्स, नेदरलँड्स, अमेरिका अशा मोजक्या देशांतील कंपन्यांकडून येत राहिली. त्यांतील कोबाल्टसाठी जग काँगोवर अवलंबून आहे. मोलिब्डेनम पुष्कळसे तांब्याच्या खाणींचे उपउत्पादन म्हणून निघते. विजेच्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांनाही कोबाल्ट लागते, तेव्हा त्याचा भाव आपल्या सोयीने चालेल, असे धरून चालता येणार नाही.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहावयास हवे. पंपावरील पाटीवर शुद्धीकरणाचा खर्च वेगळा लिहिलेला नसतो. तो एस. टी.च्या भाड्यात, भाजीच्या ट्रकच्या हिशेबात, शेतातल्या डिझेल इंजिनाच्या तासात मिसळून जातो. लाभाची वाटणी मात्र सारखी नाही. स्वच्छ इंधनाचा पुरा फायदा घ्यायला गाडीला नवी शोधक यंत्रणा हवी. ती असते २०२० नंतरच्या गाडीला. पंधरा वर्षांचा जुना ट्रक आणि विहिरीवरचे इंजिन तेच महाग डिझेल जाळतात, पण काजळी पूर्वीप्रमाणेच ओकतात. म्हणजे ग्रामीण भागातील जुन्या वाहनाचा मालक शहरातील नव्या गाडीच्या उत्प्रेरकाचे रक्षण काही प्रमाणात आपल्या खिशातून करीत असतो. म्हणून इंधनाचे निकष सैल करावेत, असे कोणी म्हणू नये. महानगरांच्या हवेला त्यांची गरज आहे. परंतु चिवट गंधक काढण्याचा खर्च उतरविणे हे प्रयोगशाळेपुरते काम नाही, त्यात या वाटणीचाही प्रश्न गुंतलेला आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल.

आपल्याकडे विद्या नाही, असे मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात 'एन्सिलाइट' हा झिओलाइट जातीचा उत्प्रेरक घडवून बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात चालवून दाखविला होता. डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था १९६० पासून या क्षेत्रात आहे. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने 'इंजिनिअर्स इंडिया'च्या साहाय्याने डिझेलमधील गंधक काढण्याचे स्वदेशी तंत्र बनविले आणि ते आसामातील बोंगाईगाव येथील कारखान्यात बसविण्यात आले. तरीही नव्या देशी उत्प्रेरकाला पहिला ग्राहक मिळणे कठीण जाते आणि त्याचे कारण देशभक्तीचा अभाव हे नव्हे. एखाद्या कारखान्याच्या व्यवस्थापकाने नवा उत्प्रेरक भरला आणि दोन वर्षांऐवजी आठ महिन्यांत तो थकला, तर मुदतीआधी संयंत्र बंद ठेवण्याचे नुकसान उत्प्रेरकाच्या किमतीच्या कितीतरी पट होते. यश आले तर फायदा साऱ्या देशाचा. अपयश आले तर खुलासा एकट्या व्यवस्थापकाने करायचा. अशा स्थितीत त्याने नावाजलेल्या परदेशी कंपनीचा माल मागविला, तर त्याला दोष देता येत नाही.

या जोखमीची विभागणी करणे सरकारला शक्य आहे. देशातील बहुतेक मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सार्वजनिक क्षेत्रात आहेत आणि मालक एकच आहे. प्रत्येक कंपनीने आपल्या लहान संयंत्रांपैकी एक देशी उत्प्रेरकाच्या चाचणीसाठी राखून ठेवावे, संयंत्र मुदतीआधी बंद पडल्यास होणारे नुकसान सर्व कंपन्यांनी मिळून उभारलेल्या निधीतून भरून द्यावे आणि चाचणीचे आकडे, चांगले असोत वा वाईट, फरिदाबाद, डेहराडून व पुणे येथील प्रयोगशाळांना खुले करावेत. पस्तीस हजार कोटींच्या संयंत्रांपुढे असा निधी फार मोठा लागणार नाही. पुढल्या वेळी उत्प्रेरक बदलण्यासाठी एखादे संयंत्र थांबेल, तेव्हापासूनच याची सुरुवात करता येण्यासारखी आहे.